कुलूप तोडलेल्या टॅबची राखण

भवानीनगरच्या पुढे माझ्या बहिणीचं घर आहे. मध्यंतरी तिथं गेलो तेव्हा बारावीतला भाचा चेहरा पाडून बसला होता. "मामा, टॅब बिघडला. कालपर्यंत चालणारी काही ॲप आज उघडतच नाहीत." टॅब म्हणजे आयपॅड एअर २, २०१४ सालचं मॉडेल. पुण्यातल्या चुलत भावाने नवा घेतल्यावर हा त्याला दिला, आणि देण्याआधी हौसेने त्यावर जेलब्रेक केला. रात्रभर वीज नव्हती, बॅटरी शून्यावर गेली. सकाळी चार्जरला लावून टॅब सुरू केला तर ही अवस्था. सेटिंग्जवर अपडेटचा लाल ठिपका दिसत होता. अपडेट केलं की सगळं ठीक होईल असं वाटून तो बटण दाबणारच होता. मी त्याचा हात धरला.

टॅब बिघडलेला नव्हता. घडलं काय, हे कळायला जेलब्रेक म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं.

ॲपलच्या टॅबवर कंपनीची डिजिटल सही असलेलाच प्रोग्राम चालतो. ही तपासणी बाजूला सारून हवा तो प्रोग्राम चालवण्याची मोकळीक मिळवणं म्हणजे जेलब्रेक. आयफोन २००७ मध्ये आला आणि त्याच वर्षी तो फोडला गेला. आयपॅड एप्रिल २०१० मध्ये आला. पुढच्याच महिन्यात 'स्पिरिट' नावाच्या साधनाने त्याचंही कुलूप निघालं.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला हे कुलूप नीरा डाव्या कालव्यावरून चटकन समजेल. वीर धरणातून निघालेलं पाणी शेतात एकदम येत नाही. आधी कालव्याचं दार, मग फाट्याचं, मग चारीचं. वरच्याने सोडल्याशिवाय खालच्याला पाणी नाही. टॅब सुरू होतानाही असंच घडतं. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम सर्वांत आधी जागा होतो. त्याला बूटरॉम म्हणतात. तो पुढच्या प्रोग्रामची सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, आणि शेवटी टॅबची मूळ प्रणाली सुरू होते. एकाही ठिकाणी सही जुळली नाही तर गाडी तिथंच थांबते.

सप्टेंबर २०१९ मध्ये 'ॲक्झिओमएक्स' या टोपणनावाच्या संशोधकाने या पहिल्याच दारातली फट जगापुढे मांडली. तिचं नाव चेकमेट. ए५ पासून ए११ पर्यंतच्या चिपांमध्ये ती आहे. केबल जोडून टॅब एका खास अवस्थेत नेला की बूटरॉमच्या यूएसबी हाताळणाऱ्या भागातली चूक वापरता येते. बूटरॉम कारखान्यातच कोरलेला असल्याने ही फट कोणत्याही अपडेटने बुजत नाही. दार लोखंडी असतं तर बदललं असतं. इथं दगडी बांधकामातच खोट राहिली आहे. भाच्याच्या टॅबमधली ए८एक्स चिप याच यादीतली. त्यावर वापरलेलं 'पॅलेरेन' हे साधन याच फटीतून आत शिरतं.

मग ॲप बंद का पडली? हा जेलब्रेक सुरू असलेल्या प्रणालीत, तिच्या तात्पुरत्या स्मृतीत बदल करतो. वीज गेली, टॅब पूर्ण बंद झाला, तात्पुरती स्मृती पुसली गेली आणि बदलही गेले. टॅब पुन्हा सुरू झाला तो साध्या आयपॅडसारखा. बाहेरून टाकलेली ॲप तेवढी अडली. संगणकाला जोडून तीच क्रिया पुन्हा केली की ती चालू लागतात. नवशिक्याने ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्मी घाबरगुंडी टळते.

आता अपडेट. जेलब्रेक असताना टॅबवरच्या बटणाने अपडेट करू नये. असं अपडेट मूळ फायली जागच्या जागी आहेत असं धरून चालतं. काही प्रकारचे जेलब्रेक त्या फायली बदलतात, आणि मग टॅब सफरचंदाच्या चिन्हावर अडकून बसू शकतो. खात्रीचा मार्ग संगणकावरून 'रिस्टोर' करण्याचा. पण त्याने सगळं पुसलं जातं, म्हणून आधी बॅकअप घ्यायचा. तो पासवर्ड घालून घेतला तर टॅबमध्ये जपलेले पासवर्डही त्यात येतात.

आम्ही तेच केलं. पण त्याआधी पुण्याला फोन लावला, कारण टॅबमध्ये अजून चुलत भावाचाच ॲपल आयडी होता. तो न काढता टॅब पुसला असता तर सुरू होताना त्याने जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला असता, आणि तो मिळेपर्यंत टॅब म्हणजे नुसती काचेची पाटी. भावाने पासवर्ड दिला, 'फाइंड माय' बंद केलं, आयडी काढला. वापरलेला टॅब हातात घेणाऱ्याने पहिलं काम हेच करावं.

मग केबल जोडली, रिस्टोर निवडलं. काही जीबींची फाइल उतरायला हॉटस्पॉटवर बराच वेळ गेला. फाइल आल्यावर आणखी एक गोष्ट पडद्याआड घडते. टॅब आपला खास क्रमांक ॲपलच्या सर्व्हरला पाठवतो, आणि सर्व्हर त्या टॅबसाठी, त्या आवृत्तीसाठी सही करून देतो. कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरतात, मंजुरी त्या हंगामापुरती असते, तसंच हे. नवी आवृत्ती आली की काही काळाने जुन्या आवृत्तीवर सही मिळणं थांबतं. म्हणून एकदा वर गेलं की मागे येता येत नाही.

भाच्याच्या टॅबला याची भीती नव्हती, कारण फट चिपमध्येच आहे. अपडेटनंतरही जेलब्रेक पुन्हा होऊ शकतो. पण ए१२ किंवा त्यानंतरची चिप असेल तर एका अपडेटमध्ये जेलब्रेक कायमचा जाऊ शकतो. म्हणून बटण दाबण्याआधी मॉडेल आणि चिप तपासावी.

तरीही माझा कौल अपडेटच्या बाजूने आहे. एअर २ मध्ये आयपॅडओएस १५ च्या पुढचं काही चालत नाही, पण त्या मालिकेला ॲपलने २०२५ मध्येही सुरक्षा दुरुस्त्या दिल्या. त्या सोडण्यात धोका आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये 'इकी' नावाचा किडा ऑस्ट्रेलियातल्या जेलब्रेक केलेल्या आयफोनांमध्ये पसरला, कारण मालकांनी 'अल्पाइन' हा सर्वांना ठाऊक असलेला मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. २०१५ मध्ये 'कीरेडर' या घातक प्रोग्रामने जेलब्रेक केलेल्या उपकरणांतून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांची माहिती चोरली. कुलूप काढलं की त्यामागचा राखणदारही जातो. पुढची राखण मालकाची.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणल्यापासून पाणी-खताचा सल्लाही मोबाइलवर येऊ लागला आहे. घरातलं एकेक उपकरण आता शेताशी, अभ्यासाशी आणि पैशाशी जोडलेलं आहे. म्हणून जेलब्रेक केलेल्या टॅबवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप ठेवू नये. अनेक बँकांची ॲप अशा उपकरणावर चालतही नाहीत. अनोळखी ठिकाणाहून फुकटातली ॲप घेऊ नयेत. आणि 'महाज्योती'सारख्या संस्थेच्या योजनेतून अभ्यासासाठी मिळालेल्या टॅबचं कुलूप तोडण्याच्या फंदात पडू नये. तो टॅब ज्या कामासाठी दिला आहे त्या कामाला लागू द्यावा.

संध्याकाळी भाच्याचा टॅब नव्या आवृत्तीवर, त्याच्या स्वतःच्या आयडीवर सुरू झाला. "जेलब्रेक परत करू का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, आधी बारावी होऊ दे. मग हौसेने कर, पण बूटरॉम म्हणजे काय ते मला समजावून सांगता आलं तरच. वाचकांनाही हेच सांगणं आहे: उपकरण जरूर उघडा, पण बॅकअप घेऊन आणि आत काय चालतं ते समजून घेऊनच.