मोठा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी

दारात वीस-बावीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर असतो. तेवढ्यात शेजारच्या गावात पंचेचाळीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर विकायला निघाल्याचे कळते आणि घरात चर्चा सुरू होते. अशा वेळी किंमत पाहण्याआधी कामाचे तास मोजावेत.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. आपण पाच एकर धरू. पेरणी, कोळपणी, फवारणी छोटा ट्रॅक्टर करतो. त्याला न झेपणारे मोठे काम म्हणजे खोल नांगरट. एकरी अडीच तास धरले तरी ते साडेबारा तासांत संपते.

समजा, जुना ट्रॅक्टर ४ लाखांना मिळाला. दहा टक्के दराने वर्षाचे व्याज ४० हजार. घसारा, विमा व दुरुस्ती मिळून आणखी ४० हजार. साडेबारा तासांनी भागले, तर तासाला ६,४०० रुपये पडतात. डिझेल वेगळेच! आता गावातील नांगरटीच्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहा. वर्षाला ४०० तास भरले, तर दुरुस्ती वाढूनही हिशेब पार बदलतो. पण तेवढे भाड्याचे काम मिळेल का, चालक कोण आणि उधारी वसूल कशी होणार, हे आधी ठरवायला हवे.

वाफसा आला, की साऱ्या गावाला ट्रॅक्टर एकाच दिवशी हवा असतो, हे खरेच. म्हणून पेरणीचे साधन घरचे असावे. उन्हाळी नांगरट मात्र चार दिवस थांबू शकते. छोटा विकून मोठा घ्यावा, तर तो कपाशीच्या ओळींत सहज शिरत नाही, लहान तुकड्यात वळायला जागा खातो आणि ओल्या काळ्या जमिनीचा खालचा थर दाबतो. ऊस आणि वाहतुकीचे काम बारमाही असेल, तर गोष्ट निराळी.

घ्यायचे ठरलेच, तर इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळा धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. नांगर जोडून हायड्रॉलिक तपासावे, मागच्या टायरांची झीज पाहावी. मीटरच्या आकड्यावर विसंबू नये. सोबत ओळखीचा मिस्त्री असावा.

नोंदणी पुस्तकात बँकेचा बोजा असेल, तर ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. आपले कर्ज जमिनीच्या तारणावर असेल, तर सातबारावर बोजा चढतो. पाऊस चुकला, तरी हप्ता चुकत नाही. म्हणून एका हंगामाचे उत्पन्न बुडाले तर हप्ता कशातून भरणार, याचे उत्तर घरातल्या सर्वांनी बसून काढावे आणि मगच इसार द्यावा.