महाबळेश्वरच्या वाफ्यातून बंगालच्या उपसागरात

क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते तेव्हा कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम 65 किलोमीटरवर असते. पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे 1400 किलोमीटर वाहत जाऊन आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत सातारा-सांगलीच्या शेतांतून आणि गावांतून जे प्लास्टिक सुटते, तेही याच वाटेला लागते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीहून बारीक अशा प्लास्टिकच्या तुकड्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. 2004 मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड थॉम्प्सन यांनी समुद्रतळाच्या गाळात असे कण दाखवून दिले, तेव्हापासून जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले. यातले बरेचसे कण मोठ्या वस्तू फुटून होतात. गाडीचे टायर झिजतात, टेरिकॉटचे कपडे धुताना तंतू सुटतात, आणि आपल्याकडे त्यात शेतीची भर पडते.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मल्चिंग पेपरवर वाढते. हा पेपर म्हणजे पॉलिथिनचा पातळ पापुद्रा. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि तो ठिसूळ होतो. हंगाम संपल्यावर पेपर ओढून काढतात खरा, पण मातीत दाबलेल्या कडा फाटून तिथेच राहतात. मग रोटाव्हेटर फिरतो आणि त्या कडांचे तुकडे होतात. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागांवरचे आच्छादन, उसातल्या ठिबकच्या नळ्या, खताच्या विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्या, सगळ्यांची गत तीच. मातीखाली ऊन पोहोचत नाही, म्हणून पुरलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. मातीत घातले की प्लास्टिक कुजून जाते, हा समज साफ चुकीचा आहे.

पुढचे काम पाऊस करतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उताराची माती ओढ्यात येते. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते तरंगते. पीव्हीसी आणि बाटलीचे पीईटी जड, ती तळाला बसतात. पण हलक्या कणावरही शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढला की तोही बुडतो. पावसाळ्यानंतर कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पाणी संथ होते. तेव्हा गाळाबरोबर हे कण नदीच्या तळाशी साठत जातात.

मग पूर येतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातल्या नद्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या पुरानंतर त्यांच्या तळातले सुमारे 70 टक्के सूक्ष्म प्लास्टिक वाहून गेल्याचे त्यात आढळले. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुराने नदीचा तळ खरवडला जातो, शिवाय घरादारातला कचराही प्रवाहात येतो. पाणी ओसरते तेव्हा शिवारात राहिलेल्या मळीबरोबर काही कण पुन्हा शेतात उतरतात. खाली अलमट्टी धरणापासून विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यापर्यंत जिथे पाणी थांबते, तिथे गाळ बसतो आणि त्यासोबत कणही. उरलेले समुद्रात जातात.

तिथे सूक्ष्म प्राणी ते अन्न समजून गिळतात, त्यांना मासे खातात. समुद्राचे पाणी आटवून मीठ होते, त्यातही ते येतात: 2018 मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांना बाजारातल्या मिठाच्या नमुन्यांत सूक्ष्म प्लास्टिक सापडले होते.

समुद्रात पसरलेला कण परत गोळा करणारे यंत्र कुणाकडे नाही. अख्खा मल्चिंग पेपर मात्र दोन माणसे गुंडाळू शकतात. म्हणून स्वस्तातला अतिपातळ पेपर घेऊ नका, तो काढताना हमखास फाटतो. पीक निघाले की कडेची माती मोकळी करून, वळीव पडायच्या आत तो अख्खा काढा, बांधावर जाळू नका, भंगारवाल्याकडे द्या. रोटाव्हेटर त्यानंतरच फिरवा.