बांधकाम-व्यवसायातील स्त्रियांचे कर्तेपण : मावळच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या दरम्यान कान्हे हे लहानसे स्थानक आहे. या स्थानकापासून एका दिवसाच्या फेरीत पाहता येतील अशा तीन प्रकारच्या बांधकामांचा संबंध प्रस्तुत विषयाशी येतो. एक, कामशेतच्या बाजूस असलेली बेडसे येथील लेणी. दुसरे, लोणावळा-खंडाळ्याच्या पलीकडे उतरणारा बोरघाटातील लोहमार्ग. आणि तिसरे, जुन्या पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभ्या राहत असलेल्या कारखान्यांच्या व निवासी इमारतींची कामे. पहिल्या बांधकामाशी एका स्त्रीचे नाव दगडात कोरून जोडलेले आहे. दुसऱ्याशी एका स्त्रीचे नाव करारनाम्याने जोडले गेले. तिसऱ्यावर स्त्रिया रोज डोळ्यांसमोर राबताना दिसतात, पण त्यांची नावे कोठेही लागत नाहीत.

बांधकाम-व्यवसायात स्त्रियांनी पुढे यावे, अशा प्रकारचे प्रतिपादन अलीकडे वारंवार करण्यात येते. या प्रतिपादनात एक गृहीत दडलेले असते. ते असे की, स्त्रिया या व्यवसायात आजवर नव्हत्या आणि आता त्यांना तेथे आणावयाचे आहे. हे गृहीत वस्तुस्थितीस धरून नाही. स्त्रिया या व्यवसायात पूर्वापार आहेत. उणीव आहे ती त्यांच्या उपस्थितीची नव्हे, तर श्रमापासून कर्तेपणापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांची होय. हे विधान स्पष्ट करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

येथे 'कर्तेपण' हा शब्द मर्यादित अर्थाने योजिला आहे. कोणते काम, कोणत्या रीतीने, किती खर्चात आणि कोणाकडून करून घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार, आणि त्या निर्णयाची जोखीम स्वतःच्या नावावर घेण्याची पात्रता, या दोहोंस मिळून कर्तेपण म्हणावे. नुसती उपस्थिती, किंबहुना नुसते कौशल्यही, कर्तेपण नव्हे.

२. दानलेख आणि करारनामा

बेडसे येथील पाण्याच्या टाक्याजवळच्या ब्राह्मी लेखात ते टाके सामडिनिका नावाच्या स्त्रीचे दान असल्याचे नमूद आहे. ती महाभोजाची कन्या व अपदेवणकाची पत्नी असून तिला 'महारठिनी' असे पद लाविले आहे. या लेखात तिची ओळख पित्याच्या व पतीच्या नात्याने दिली आहे हे खरे; तथापि दान मात्र तिच्या स्वतःच्या नावे आहे. खडकात टाके खोदविणे म्हणजे जागा निवडणे, पाथरवट लावणे आणि त्यांचा खर्च सोसणे होय. यांतील किती गोष्टी तिने स्वतः पाहिल्या हे लेख सांगत नाही. खर्चाचे मूळ तिच्याकडे होते, इतकेच त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरे उदाहरण बोरघाटाचे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. परंतु खंडाळ्याखालचा घाट अपुरा असल्यामुळे मुंबईचा प्रवासी तेथे गाडीतून उतरून डोंगर पालखीने किंवा अन्य वाहनाने ओलांडीत असे. घाटाचे कंत्राट प्रथम विल्यम फॅव्हिएल याजकडे होते व १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उठाव झाला आणि पुढे फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला; पण मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ सालीच, तो मरण पावला. त्या वेळी त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने मायदेशी परत न जाता कंत्राट पुढे चालविले. घाटाची माहिती असलेले ॲडमसन व क्लाउझर हे दोन अभियंते तिने व्यवस्थापनासाठी नेमले. पंधरा मैलांहून थोडी अधिक लांबी, १,८३१ फूट चढ, २५ बोगदे व ८ मोठे दगडी सेतू असलेले हे काम पुरे होऊन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. कामाची छायाचित्रेही ॲलिसच्या नावावर उपलब्ध आहेत.

ॲलिस अभियंता नव्हती, आणि बोगद्यांची आखणी तिने केली असे कोणी म्हणत नाही. परंतु कंत्राटदाराचे मुख्य काम आखणी करणे हे नव्हेच. योग्य माणसे नेमणे, मजुरी वेळेवर भागविणे आणि काम अर्धवट न सोडणे हे त्याचे काम. आणि याच तीन बाबींत आधीचे कंत्राट कोलमडले होते. या दृष्टीने पाहता तिच्या कर्तेपणाविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. मात्र ते तिच्याकडे आले ते वैधव्यामुळे, वारसाहक्काने. सामडिनिकेचे दान आणि ॲलिसचे कंत्राट यांत सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. पण दोघींचा प्रवेश कुळाच्या व द्रव्याच्या दारानेच झाला, हे साम्य ध्यानात ठेवावयास हवे.

३. घाटातील अनाम हात

घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत माणसे होती. त्या काळी मातीकामाची व दगडकामाची टोळी बहुधा कुटुंबांची मिळून बनलेली असे. पुरुष खणीत, फोडीत. स्त्रिया व मुले माती आणि खडी वाहून नेत. वडार समाजातील ही श्रमविभागणी महाराष्ट्रास पुढेही दीर्घकाळ परिचित होती. तात्पर्य, एक स्त्री घाटाची कंत्राटदार असताना त्याच घाटात अन्य स्त्रिया टोपली वाहत होत्या. पहिलीचे नाव इतिहासात राहिले. दुसऱ्यांपैकी एकीचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

या दोन स्थानांमध्ये कोणताही दुवा नव्हता. टोपली वाहणारी स्त्री कितीही वर्षे काम करून कंत्राटदार होण्याचा संभव नव्हता; एवढेच काय, टोळीची मुकादम होण्याचाही नव्हता. कंत्राटदारीण होती म्हणून मजूर स्त्रियांस वर चढण्याचा मार्ग मिळाला, असे झाले नाही. शिखरावर एखादी स्त्री असणे आणि पायथ्यापासून शिखरापर्यंत वाट असणे या भिन्न गोष्टी होत.

४. पदवीचा मार्ग

विसाव्या शतकात कर्तेपणाकडे जाणारा एक नवा मार्ग खुला झाला, तो शिक्षणाचा. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून वास्तुविद्येची पदविका घेतली व पुढे पित्याच्या व्यवसायसंस्थेत काम केले. मद्रासजवळील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४० नंतरच्या दशकात ज्या पहिल्या स्त्रिया अभियंत्या म्हणून बाहेर पडल्या, त्यांपैकी पी. के. थ्रेसिया या स्थापत्य शाखेच्या होत्या. त्या १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण शकुंतला भगत (१९३३-२०१२) यांचे. सेतुबांधणीत नावाजलेले अभियंता एस. बी. जोशी यांच्या त्या कन्या. मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून १९५३ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढील शिक्षण केले आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केले. १९७० मध्ये त्यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासह 'क्वाड्रिकॉन' ही सेतुबांधणीची कंपनी स्थापिली. ठरावीक मापांचे पोलादी घटक कारखान्यात तयार करावयाचे आणि निरनिराळ्या लांबीरुंदीचे पूल त्यांच्याच जुळणीने उभे करावयाचे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. अवजड सामग्री नेणे जेथे दुष्कर अशा डोंगराळ मुलखात या पद्धतीचा लाभ उघड आहे. हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे १९७२ मध्ये या पद्धतीचे पहिले पूल झाले.

अगदी अलीकडच्या काळात मुंबईची ३३.५ किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो (मार्गिका ३) ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. हा प्रकल्प दोन कालखंडांत व्यवस्थापकीय संचालक या नात्याने अश्विनी भिडे यांनी हाताळला. त्या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी होत.

या उदाहरणांवरून एक गोष्ट दिसून येते. पेरीन मिस्त्री व शकुंतला भगत या दोघींच्या घरी हा व्यवसाय आधीपासून होता. थ्रेसिया व भिडे यांस मात्र शासकीय सेवेचा आधार मिळाला. शासकीय खात्यात पदांची उतरंड लिखित असते, बढतीस नियम असतात. म्हणून पहिली पायरी चढलेल्या व्यक्तीस दुसरी पायरी निदान दिसते तरी. खाजगी कंत्राटी व्यवसायात अशी लिखित शिडी नाही.

५. शिडी कोठे तुटते ?

कान्हे फाट्यासारख्या ठिकाणच्या कोणत्याही कामावर ही तूट प्रत्यक्ष पाहता येते. साध्या कामावरील क्रम असा असतो : बिगारी, गवंडी, मिस्त्री, मुकादम, लहान कंत्राटदार. या क्रमाचे कोणतेही विद्यालय नाही. बिगारी मुलगा गवंड्याच्या हाताखाली माल देता देता दुपारच्या सुटीत थापी हाती घेतो, ओळंबा धरावयास शिकतो, आणि काही वर्षांत स्वतः गवंडी होतो. त्याच गवंड्यास माल देणाऱ्या स्त्रीच्या हाती थापी सहसा येत नाही. ती पंचविसाव्या वर्षी घमेले वाहते व पन्नासाव्या वर्षीही घमेलेच वाहते.

याची कारणे शरीरबळात शोधण्याची प्रथा आहे. पण ती टिकणारी नाही. भरलेले घमेले डोक्यावर घेऊन शिडी चढण्यापेक्षा वीट रचून ओळंब्यात आणणे अधिक कष्टाचे नाही. खरी कारणे तीन दिसतात. पहिले, भरतीची पद्धत. मुकादम गावाकडून नवराबायकोची जोडी आणतो, उचल पुरुषास देतो व हिशोबही त्याच्याशीच करतो. परिणामी स्त्रीचा श्रम स्वतंत्रपणे नोंदला जात नाही, मग तिची बढती कोण नोंदणार? दुसरे, मूल. ज्या सुटीत मुलगा थापी शिकतो, त्या सुटीत स्त्रीस स्वयंपाक व मूल पाहावे लागते. तिसरे, धंद्यातील संकोच : परजातीच्या वा परक्या पुरुषाची शागिर्दी स्त्रीने करावी, हे दोन्ही पक्षांस अवघड वाटते.

यंत्रांच्या आगमनाने प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. तयार काँक्रीट नळीवाटे थेट वरच्या मजल्यावर चढू लागले, की घमेल्यांची रांग नाहीशी होते. म्हणजे यंत्र प्रथम स्त्रीचेच काम घेते. पंप चालविण्याचे नवे काम मात्र पुरुषाकडे जाते. शिडीवर चढता न आलेल्या मनुष्याच्या पायाखालची एकुलती एक पायरीही अशा रीतीने निसटते.

कायद्याने यांपैकी काही कारणांवर बोट ठेविले होते. १९७६ च्या समान वेतन अधिनियमाने समान कामास समान मजुरी बंधनकारक केली. १९९६ च्या बांधकाम कामगार अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचे केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांत हे जुने कायदे विलीन झाले असले, तरी वेतनातील भेदभावाची मनाई व पाळणाघराची तरतूद त्यांत आहे. परंतु 'समान काम' हा शब्दच येथे अपुरा पडतो. स्त्रीस गवंडीकामच दिले नाही, तर गवंड्याइतकी मजुरी मागण्याचा प्रसंग येतच नाही. मोठ्या कामांवर पाळणाघरे चालविण्याचा प्रत्यक्ष उद्योग १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत सुरू केलेल्या मोबाईल क्रेशेस या संस्थेने केला, व पुढे मुंबई-पुण्यातही तो पसरला. मुलांसाठी तो मोलाचा आहेच. पण आईच्या हाती मोकळा वेळ आला म्हणजे थापी आपोआप येते असे नाही.

६. पायरी जोडण्याचे दोन प्रयोग

तरीही ही तूट भरून काढता येते, असे दाखविणारे दोन प्रयोग महाराष्ट्रातच झाले आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत ज्या गावांचे स्थलांतर व्हावयाचे नव्हते, तेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करावयाचे ठरले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्फत हजाराहून अधिक गावांतील महिला मंडळांतून संवाद-सहायक स्त्रिया नेमण्यात आल्या. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीत आरपार जाणारा लांब दगड का हवा, धाब्यावरील मातीचा थर कमी का करावा, खांब व तुळई यांस कोपऱ्यात तिरपा आधार कसा द्यावा, हे त्या शिकल्या, आणि गवंड्याचे काम तपासू लागल्या. येथे त्यांचे स्थान मजुराचे नव्हते, देखरेख करणाऱ्याचे होते. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर यांतील काही स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या.

दुसरा प्रयोग पुणे शहरातला. १९९९ ते २००१ या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकीर्दीत महानगरपालिकेने वस्त्यांतील सार्वजनिक शौचालये बांधण्याचे व चालविण्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपविले. त्यांपैकी 'स्पार्क' या संस्थेने व तिच्या सहयोगी महिला मिलन या संघटनेने शंभराहून अधिक शौचालये बांधली. मूळ करार संस्थेचा. पण कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष कंत्राट वस्तीतील स्त्रियांनी घेतले. सिमेंट-सळईचा भाव करणे, मजूर लावणे, हिशोब ठेवणे ही कामे त्यांनी केली. आराखड्यातही त्यांचा अनुभव उतरला. स्त्रियांसाठी वेगळी रांग, लहान मुलांसाठी निराळी सोय, राखणदाराची खोली या गोष्टी वापरणाऱ्याच्याच लक्षात येतात.

दोन्ही प्रयोगांत तीन गोष्टी समान आढळतात. स्त्रीच्या नावे स्वतंत्र काम नोंदले गेले. भांडवल व अनामत रक्कम यांचा भार कोणा संस्थेने वा शासनाने उचलला. आणि शिक्षण चालू कामावरच मिळाले. ज्या तीन कारणांनी शिडी तुटते, त्यांपैकी निदान दोहोंचे हे उत्तर आहे. दोन्ही प्रयोग मात्र सार्वजनिक पैशाच्या आश्रयाने झाले. खाजगी इमारतींच्या व्यवसायात त्यांचे अनुकरण होईल काय, हा प्रश्न खुला आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून, स्त्री-कर्तेपणाचे तीन मार्ग वेगळे करता येतात : वारशाचा, पदवीचा आणि कामावरून वर चढण्याचा. पहिला जुना आहे व तो थोड्यांपुरताच राहणार. दुसरा रुंदावत आहे, आणि त्यावर आनंद मानणे योग्यच होय. परंतु या व्यवसायातील बहुसंख्य स्त्रियांचा संबंध तिसऱ्या मार्गाशी आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी अभ्यासिला गेला आहे. पदवीधर अभियंत्यांची संख्या मोजून व्यवसायातील स्त्रियांची प्रगती मापण्याची रीत म्हणूनच अपुरी ठरते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम येथे आहे. कान्हे, कामशेत, वडगाव या पट्ट्यातील दहा-पंधरा कामांवरील हजेरीपट पाहावेत. त्यांत किती स्त्रियांची नावे स्वतंत्रपणे येतात, गवंडी म्हणून किती येतात, आणि पाच वर्षांपूर्वी बिगारी असलेले स्त्री-पुरुष आज कोणत्या पायरीवर आहेत, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. सामडिनिकेचे नाव आपण वाचू शकतो, कारण कोणीतरी ते कोरून ठेविले. हजेरीपटात नाव लागणे ही त्या मानाने फार साधी गोष्ट आहे. परंतु मजुरी, कौशल्य आणि कंत्राट या पुढील सर्व पायऱ्यांचा आरंभ तेथूनच होतो.