देहाची यंत्रविद्या (लेखांक ३) : काठी कोणत्या हातात?

आईचा उजवा खुबा दुखायला लागला तेव्हा आम्ही तिला काठी आणून दिली. तिने ती उजव्या हातात धरली आणि घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. चार महिन्यांनी व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट ताई आल्या. आईला दारापर्यंत येताना पाहून त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "काकू, काठी डाव्या हातात घ्या." आई थबकली. "दुखणं इकडे आणि काठी तिकडे?"

आजचा लेखांक तिच्या या प्रश्नासाठी आहे. जैवयांत्रिकी, म्हणजेच बायोमेकॅनिक्स, शरीराकडे बल, तरफ आणि घर्षण यांच्या नजरेने पाहते. त्या पाहण्याचा रुग्णाला काय उपयोग, हे खुब्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

पण आधी कोपर. पहारीने दगड उलथताना आपण टेकू दगडाजवळ ठेवतो आणि लांब टोक स्वतःकडे घेतो. थोड्या जोरात मोठं काम होतं. शरीरात बरोबर उलटं असतं. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि हातातली कळशी असते साधारण ३२ सेंटीमीटरवर. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोची कळशी नुसती तोलून धरायची तरी स्नायूला ४० किलोंची ओढ लावावी लागते. हाताचं स्वतःचं वजन आणखी वेगळं. शरीराने ही तोट्याची तरफ पत्करली, कारण स्नायू फार आखडू शकत नाही. तो १ सेंटीमीटर आखडला की पंजा ८ सेंटीमीटर फिरतो. जोर गेला, वेग मिळाला. इटलीच्या जोव्हानी बोरेल्लीने हे हिशेब सतराव्या शतकातच मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये, रोममध्ये छापला गेला. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' तेव्हा यायचा होता, हे लक्षात घेतलं की बोरेल्लीबद्दलचा माझा आदर दुणावतो.

आता खुबा. चालताना दर पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. माणूस ६० किलोचा धरू. टेकलेल्या पायाचं वजन वगळलं तर खुब्यावर तोलायचे राहतात ५० किलो. हे ओझं खुब्याच्या नेमकं वर नसतं, साधारण १० सेंटीमीटर आतल्या बाजूला असतं. त्यामुळे कंबर उचललेल्या पायाकडे कलंडू बघते. तिला सावरतो खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, आणि त्याच्या वाट्याला तरफ येते सुमारे ५ सेंटीमीटरची. तराजूची एक दांडी दुसरीच्या दुप्पट. म्हणून स्नायूला ओढावं लागतं १०० किलोंनी. वरचे ५० आणि ही १०० किलोंची ओढ, दोन्ही मिळून सांधा दाबतात. १५० किलो, म्हणजे वजनाच्या अडीच पट! हिशेब ढोबळ आहे, पण कृत्रिम खुब्यात मोजयंत्र बसवून साध्या चालण्यात घेतलेल्या नोंदीही याच घरातल्या आहेत.

खुबा दुखणारा माणूस दुखऱ्या बाजूला झुकत चालतो, तेही यामुळेच. धड खुब्यावर आणलं की ते १० सेंटीमीटर कमी होतात, स्नायूची ओढ कमी होते, सांधा सुटतो. लंगडणं म्हणजे शरीराने स्वतःच शोधलेला उपाय आहे. पण कमरेच्या मणक्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

काठी तेच काम धड न झुकवता करते. डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून ४० सेंटीमीटर लांब टेकते असं धरा. तिच्यावर फक्त ५ किलो भार दिला, तरी लांब तरफेमुळे स्नायूची ओढ १०० वरून ६० किलोंवर येते आणि सांध्यावरचा भार १५० वरून १०५ वर. पाच किलोंत पंचेचाळीस किलोंची सुटका. तीच काठी उजव्या हातात धरून सरळ चाललं, तर ती उजवी बाजू वर रेटते, म्हणजे डावीकडे कलंडायला हातभारच लावते. मग माणूस काठीवर ओणवून तोल साधतो.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयातले शल्यविशारद जॉन चार्नली यांनी ही तरफ शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणली. नव्या खुब्याची वाटी त्यांनी आत सरकवून बसवली, म्हणजे वजनाची दांडी आखूड झाली. मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा कापून ते तो आणखी बाहेर जोडू लागले, म्हणजे स्नायूची दांडी लांबली. घर्षणाचं पिळणंही त्रिज्येवर अवलंबून असतं. म्हणून त्याआधी ४० मिलिमीटरच्या घरात असलेला पोलादी गोळा त्यांनी २२ मिलिमीटरवर आणला. वाटी टेफ्लॉनची होती आणि तिथे घात झाला. ती काही वर्षांतच झिजली, तिच्या कणांनी भोवतालच्या ऊती बिघडल्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ मध्ये त्यांच्या कार्यशाळेतले कारागीर हॅरी क्रेव्हन यांच्या हाती पॉलिथिनचा एक चिवट प्रकार आला. चार्नलींना त्यात दम वाटला नव्हता. क्रेव्हन यांनी ते बाहेरगावी असताना तुकडा झीज-यंत्रावर चढवला, तो झिजेचना. चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, आणि टेफ्लॉनने गाठी धरल्याचं स्वतःच्या अंगावर पाहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नव्या वाट्या रुग्णांना बसू लागल्या. खुबा बदलण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेचा पाया तो आहे, आणि त्यात एका कारागिराचा हात आहे हे आवर्जून सांगायला हवं.

आईने काठी डावीकडे घेतली. आठवडाभर गल्लत होत राहिली, कारण काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे पडावे लागतात. काठी उंचही होती. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीला यावी, म्हणजे धरताना कोपर किंचित वाकतं. आम्ही सुतारकाकांकडून ती दोन बोटं कापून आणली आणि टोकाला नवं रबर बसवलं.

पुढच्या आठवड्यात गुडघा, आणि मांडी घालून बसताना त्यावर काय गुजरतं ते.