जाहिरातीचा लिलाव आणि त्याचा मक्ता

वर्तमानपत्राचे संकेतस्थळ उघडले, की मजकुराच्या शेजारी एक रिकामी चौकट क्षणभर दिसते आणि लगेच एखाद्या साबणाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीने भरून जाते. तेवढ्या क्षणात एक संबंध लिलाव पार पडलेला असतो, हे बहुसंख्य वाचकांच्या ध्यानीमनीही नसते. पान उघडणारा मनुष्य कोणत्या गावचा, कोणत्या बनावटीच्या फोनवरून आलेला, पूर्वी त्याने कोणत्या वस्तूंची चौकशी केलेली, असा जो तपशील हाती असेल तो बोली लावणाऱ्यांकडे रवाना होतो, त्यांची यंत्रे आपापली किंमत कळवतात, चढ्या बोलीची जाहिरात त्या जागी येऊन बसते, आणि हा सारा व्यवहार बहुधा सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उरकतो.

प्रारंभी ही गुंतागुंत नव्हती. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची आडवी पट्टी झळकली, तेव्हा जागेची विक्री छापील जाहिरातीसारखीच, माणसामाणसांत बोलणी होऊन होत असे. पुढे संकेतस्थळे लक्षावधी झाली, रिकाम्या जागा मोजदादीपलीकडे गेल्या, आणि त्यांचा सौदा यंत्रावर सोपवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

या व्यवहाराला तीन अंगे आहेत. प्रकाशकाच्या वतीने जागेचा हिशेब राखून ती कोणाला द्यावी हे ठरवणारी यंत्रणा हे एक. जाहिरातदाराच्या वतीने बोली लावणारी यंत्रणा हे दुसरे. आणि या दोघांची जेथे गाठ पडते तो बाजार हे तिसरे. गूगलपाशी जाहिरातदारांचा अफाट समुदाय आधीच होता. उणीव होती ती प्रकाशकांच्या बाजूची, आणि डबलक्लिक ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरांना विकत घेऊन २००८ साली ती भरून निघाली. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चार विरुद्ध एक अशा मतांनी या खरेदीस मोकळीक दिली. विरोधी मत नोंदवणाऱ्या पामेला जोन्स हार्बर या एकट्याच होत्या. त्या एका मताची योग्यता पुढील इतिहासाने सिद्ध केली, असे मला निःसंशय वाटते.

कारण विकणाऱ्याचा मुखत्यार, घेणाऱ्याचा मुखत्यार आणि बाजाराचा धनी हे तिन्ही अधिकार एका हाती आले, म्हणजे काय घडते याचे प्रत्यंतर तपशिलातच सापडते. गूगलच्या बाजारात दर सौद्यामागे शेकडा २० दलाली कापली जाई, आणि अनेक वर्षे तिच्यात फारशी घट झाली नाही. या बंधनातून वाट काढण्यासाठी प्रकाशकांनी इतर बाजारांच्या बोली आधीच गोळा करण्याची युक्ती योजली. परंतु जागा कोणाला द्यावी हे ठरवणारी यंत्रणा गूगलचीच असल्यामुळे, इतरांची विजयी बोली पाहून मग आपली बोली लावण्याची सवलत गूगलच्या बाजाराला मिळत राहिली. ही सवलत २०१९ साली संपली खरी, पण त्याच वर्षी गूगलच्या बाजारासाठी इतरांहून चढी किमान किंमत ठरवण्याचा प्रकाशकांचा अधिकारही गेला. प्रतिस्पर्ध्याचा बंद लिफाफा फोडून पाहण्याची मुभा ज्याला आहे, त्याच्याशी स्पर्धा ती कसली? खुद्द कंपनीतील एका अधिकाऱ्याने अंतर्गत पत्रव्यवहारात अशी तुलना केली होती, की एखाद्या बड्या बँकेकडेच न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची मालकी असावी तशी ही स्थिती आहे. आणि ते पत्र न्यायालयात पुराव्यादाखल सादर झाले.

या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकी सरकारने जानेवारी २०२३ मध्ये गुदरलेल्या फिर्यादीचा निवाडा व्हर्जिनिया राज्यातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी दिला. प्रकाशकांची यंत्रणा आणि बाजार या दोहोंत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली व दोहोंची सक्तीने सांगड घातली, असा त्यांचा निष्कर्ष होता. जाहिरातदारांच्या बाजूविषयीचा आरोप मात्र त्यांनी अमान्य केला. बाजारच विकून टाकण्याचा हुकूम व्हावा, अशी सरकारची मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशननेही याच व्यवसायातील वर्तनाबद्दल गूगलला २.९५ अब्ज युरोंचा दंड ठोठावला.

अमेरिकेतील वर्तमानपत्रांचे जाहिरात-उत्पन्न २००५ च्या सुमारास ४९ अब्ज डॉलरांच्या घरात होते, ते २०२० पर्यंत १० अब्जांच्याही खाली घसरले. या अवनतीचा सगळा दोष एका कंपनीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, कारण छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या हातून आधीच निसटल्या होत्या आणि वाचकही पांगला होता. तथापि जे थोडे उत्पन्न उरले, त्यातील आपला हिस्सा किती हेही ज्याला पडताळून पाहता येत नाही, त्या संपादकाने गावोगावी बातमीदार कशाच्या आधारावर नेमावेत? डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशन या आपल्याकडील प्रकाशकांच्या संघटनेची तक्रार याच स्वरूपाची होती: जाहिरातदाराकडून एकूण किती रक्कम वसूल होते आणि तिच्यातील कितवा भाग प्रकाशकाच्या पदरी पडतो, हे आम्हांला कळू दिले जात नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने त्या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश काढला.