अरुंधती शहरात कुठे गेली?

लग्नात गुरुजी वधूवरांना अरुंधती दाखवतात. मुहूर्त भर दुपारचा असतो, वर हॉलचं छत असतं, तरी दोघंही ‘दिसली’ म्हणून मान डोलावतात. पुण्या-मुंबईत रात्री गच्चीवर जाऊनही तिचा पत्ता लागेलच असं नाही. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास तो उत्तरेला चांगला वर येतो आणि दिसतोही. त्याला खेटून असलेली चौथ्या प्रतीची अरुंधती मात्र शहरी उजेडात बुडून जाते.

दिव्यांचा वर वाया जाणारा उजेड हवेतल्या रेणूंवर आणि धूळ-धुरावर विखुरतो नि अख्खं आकाश मळकट उजळतं. तारा आपल्या जागी असतोच, फक्त त्यामागचा पडदा काळा उरलेला नसतो.

गंमत अशी, की हा पडदा दुर्बीण काळा करून देते. वर्धन दुप्पट केलं की आकाशाचा तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चौपट फिका पडतो. तारा मात्र इतका दूर, की वाढवूनही ठिपकाच राहतो. त्याचा प्रकाश पसरत नाही. 30 पटींऐवजी 90 पट वर्धन देणारी नेत्रिका लावा, आकाश नऊपट मंद होतं. भर वस्तीत, नेत्रिकेपुरता का होईना, अंधार!

त्या अंधारात अरुंधती लख्ख दिसते. आणि वसिष्ठाचेच दोन तारे होतात! गॅलिलिओचा शिष्य कास्तेली आणि स्वतः गॅलिलिओ यांनी 1617 मध्ये पाहिलेली हीच ती जोडी. तिच्यातला ठळक तारा स्वतःही जोडतारा आहे, हे 1889 मध्ये वर्णपटावरून कळलं. पुढे त्याचा मंद सोबतीही जोडतारा निघाला आणि 2009 मध्ये अरुंधतीचाही जोडीदार सापडला. एकूण सहा. वसिष्ठ-अरुंधतीच्या जवळच आठव्या प्रतीचा एक तारा दिसेल. तो या कुटुंबातला नव्हे, खूप मागचा आहे. 1722 मध्ये लीबक्नेख्त नावाच्या जर्मन गृहस्थाने त्याला नवा ग्रह समजून आपल्या राज्यकर्त्याचं नाव देऊन टाकलं होतं!

गच्चीवर बसायला पाण्याच्या टाकीचा आडोसा बघा, म्हणजे शेजारचा ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येणार नाही. डोक्यावरून काळं कापड घेतलं तर उत्तमच. लोक हसतील, हसू द्या. उन्हाळ्यात तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि प्रतिमा थरथरते, म्हणून जरा उशिरा बसावं.

चंद्र, गुरूचे चंद्र, शनीची कडी यांना शहरी उजेडाची फारशी पर्वा नसते. देवयानी दीर्घिकेपुढे मात्र ही युक्ती हरते. ती ठिपका नसून पसरट आहे, त्यामुळे वर्धन वाढवलं की आकाशाबरोबर तीही तितकीच फिकी पडते. शहरी उजेड अडवणारा फिल्टरही फारसा उपयोगी नाही. तेजोमेघातल्या वायूचा प्रकाश ठरावीक रंगांचा असतो, म्हणून तो वेगळा काढता येतो, दीर्घिकेत मात्र ताऱ्यांचे सगळेच रंग मिसळलेले. तिच्यासाठी सरळ दुर्बीण उचलून अंधाराच्या शोधात मुंबईकरांनी वांगणीला जाणारी लोकल पकडावी. नागपूरकरांना पेंचचं जंगल जवळ आहे. 2024 च्या जानेवारीत त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.