हवेचा दाब आणि पाऊस : बातमीवर नव्हे, ओलीवर पेरा

जून महिन्यात “समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले” ही बातमी ऐकली की आपण तिफण सज्ज करतो. परंतु कमी दाब म्हणजे आपल्या शिवारात पाऊसच, असे नाही.

दाब म्हणजे काय?
हवेला वजन असते. आपल्या डोक्यावरील हवेचा जो भार पडतो, तो हवेचा दाब होय. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल म्हणजे तितकेच मिलिबार असतो. वर जावे तसा तो दर १०० मीटरला सुमारे ११ ते १२ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणून हवामान नकाशावर सर्व ठिकाणचे दाब समुद्रसपाटीशी जुळवून मगच त्यांची तुलना करतात.

दाब व पावसाचा संबंध
वारे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मात्र ते वळण घेतात. कमी दाबाच्या जागी चोहोबाजूंनी आलेली हवा वर चढते, थंड होते आणि पुरेसे बाष्प असल्यास ढग बनून पाऊस पडतो. जास्त दाबाच्या जागी हवा खाली उतरते व तापते, त्यामुळे आकाश निरभ्र राहते. मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटावर दाब कमी असतो, तरी बाष्पाअभावी तेथे पाऊस नसतो. म्हणजेच दाब व बाष्प दोन्ही जुळावे लागतात.

क्षेत्र कोठे आहे?
पावसाळ्यात श्रीगंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा पट्टा असतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की महाराष्ट्रात बहुतेक भागात उघडीप पडते. उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकले की विदर्भ, मराठवाड्यात पाऊस वाढतो. किनाऱ्यालगत पट्टा असल्यास कोकण व घाटमाथ्यावर जोर असतो.

जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ होते. ११ जूनला मान्सून रत्नागिरीपर्यंत आला, पण मुंबईत पोहोचण्यास २५ जून उजाडला. अशा वेळी बातमीवर विसंबून धूळपेरणी केली, तर बी वाया जाऊन दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

हे लक्षात ठेवा
१) ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये.
२) वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाब साधारणपणे आपल्या डाव्या हाताला असतो.
३) दाबमापक असल्यास रोज एकाच वेळी नोंद घ्यावी. दाब सकाळी १० च्या सुमारास जास्त व दुपारी ४ च्या सुमारास कमी असतो. हा रोजचा चढउतार पावसाचे चिन्ह नव्हे.
४) नेहमीच्या वेळेच्या नोंदीत दाब सतत उतरत असेल, तर हवामान अंदाज पाहूनच फवारणी व काढणीचा निर्णय घ्यावा.

बी एकदाच टाकायचे असते. म्हणून बातमी जरूर ऐका, पण चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी मातीतील ओल हाताने तपासा.